डोक्यांची खोली

किसिमीच्या पलीकडे, पाहुण्यांना न दिसणाऱ्या रस्त्यावर
नऊ नंबरची इमारत आहे. तिला खिडक्या नाहीत.
तिथे एकोणीस वर्षं मी डोकी धुतली.

मेरिडेल कंपनीचा झोळीवाला पक्षी, डॉब्स.
टॉवेलवर, टूथब्रशवर, मुलांच्या चादरींवर असतो तोच.
त्याची एकशे चाळीस डोकी माझ्या फळ्यांवर,
आतून प्रत्येकाला वेगळा वास:
एफ्राइनच्या डोक्याला बामचा,
लुबेन्सच्या डोक्याला लवंगेचा,
नव्या पोरींच्या डोक्यांना नुसत्या घामाचा, आंबट, घाबरलेला.
चोचीखालची झोळी मी रोज उलटी करायची.
चॉकलेटच्या चांद्या पडायच्या,
कुणाचा दुधाचा दात,
एकदा एक चिठ्ठी: डॉब्स, बाबांना घरी यायला सांग.
ती वर कुणाकडे पाठवायची, ते नियमांत नव्हतं.

नियमांत एवढंच होतं:
डोकं घातलं की बोलायचं नाही.

मार्चमध्ये फाटकं मिटली.
साहेब म्हणाले, दोन आठवडे.
त्या दोन आठवड्यांचे चार महिने झाले.
रिकाम्या बागेत म्हणे क्रौंच फिरायचे,
रांगेसाठी बांधलेल्या दोऱ्यांमधून, वळणं घेत, शिस्तीत.
मी चर्चच्या आवारात
तांदळाच्या पिशवीसाठी गाडीत बसून होते.
पुढच्या गाडीत एफ्राइन. त्याने हात हलवला
डॉब्ससारखा, खांद्यापासून,
मग लक्षात आलं तसा खाली घेतला.

पुढे कंपनी टीव्हीत शिरली, फोनमध्ये शिरली.
महिना सात डॉलर, घरबसल्या डॉब्स.
कँटीनच्या पडद्यावर नव्या ग्राहकांचा आकडा पळायचा.
तोटाही तेवढाच पळत होता,
पण त्याला पडदा नव्हता.
जुने साहेब गेले, केक कापून.
नवे आले. राजधानीशी भांडण झालं,
आधी गप्प बसले म्हणून, मग बोलले म्हणून.
आणि एका रविवारी रात्री नवे गेले, जुनेच परतले.
घरचा म्हातारा किल्ल्या सुनेला देतो
आणि शेजारच्या ओट्यावरून दिवे मोजत बसतो,
तसंच असणार काहीतरी. केक नव्हता.

परतलेल्या साहेबांनी सांगितलं,
सहा हजार डोकी जास्त झाली आहेत.
मी फळ्यांकडे पाहिलं. पुन्हा मोजली.
एकशे चाळीस.
एकही जास्त नव्हतं.

माझं निघालं जास्तीचं.
निरोपाचा व्हिडिओ चार मिनिटांचा,
शेवटी डॉब्स हात हलवतो.
आत एफ्राइन नव्हता, लगेच कळलं.
गुडघा गेल्यापासून तो डावीकडे झुकतो.
त्यालाही त्याच आठवड्यात काढलं होतं.

या जानेवारीत बातमी आली.
डॉब्सचं सगळ्यात पहिलं चित्र,
काळंपांढरं, चोच वाकडी, डोक्यावर टोपी नसलेलं,
पंचाण्णव वर्षांनी कंपनीच्या हातून सुटलं.
टोपीवाला अजून त्यांचाच.
बोडका पक्षी कुणीही घ्या.

मी फोम आणला, करड्या रंगाचं कापड आणलं.
माप विचारायची गरज नव्हती.
डावीकडे अस्तर थोडं जाड धरलं.

हमरस्त्यावरच्या मोटेलात आठवड्याच्या भाड्याने कुटुंबं राहतात.
फाटकापासून चार मैल. आत कुणीच गेलेलं नाही.
दुपारी तीनचा पाऊस येऊन गेल्यावर
पार्किंगमधल्या ओल्या डांबरावर एफ्राइन नाचला.
एक मुलगा, नाव ओझिएल, हाताची घडी घालून उभा.
म्हणाला, हा खोटा आहे. याला टोपी नाही.

डोक्याच्या आतून आवाज आला,
बावीस वर्षांत पहिल्यांदा:
टोपी साहेबांनी ठेवून घेतली.

रात्री मी झोळी उलटी केली.
चिप्सचा चुरा. एक नाणं, ओलं.
आणि बामचा वास, एवढ्यातच.